डॉ. डू बॉइस : एका वादग्रस्त नांवाचा वारसा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मॅसॅच्युसेट्स या संस्थानाच्या पश्चिम भागांत ग्रेट बॅरिंग्टन नांवाचें एक लहानसें गांव आहे. सन २००५ च्या सुमारास तेथें प्राथमिक शाळेची नवी इमारत उभी राहिली आणि शाळेला नांव काय द्यावें असा प्रश्न निघाला. त्या गांवांत जन्मलेल्या आणि पुढें जगभर कीर्ति पावलेल्या एका विद्वान् पुरुषाचें नांव सुचविण्यांत आलें; परंतु शाळा-समितीनें तें स्वीकारलें नाहीं. अखेर ज्याचा अर्थ ‘गढूळ ओहोळ’ असा होतो असें एक निरुपद्रवी नांव शाळेला मिळालें आणि वाद तेवढ्यापुरता मिटला.

ज्याच्या नांवापेक्षां गढूळ ओहोळ बरा वाटला तो पुरुष म्हणजे डॉ. विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डू बॉइस. या आडनांवाचा उच्चार फ्रेंच धर्तीवर करण्याचा मोह सुशिक्षितांना हटकून होतो. स्वतः डॉक्टर मात्र ‘डू बॉइस’ असाच उच्चार करावा, आणि तोहि शेवटच्या अवयवावर जोर देऊन करावा, असें बजावून सांगत. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या नागरिक हक्कांच्या चळवळीचा इतिहास लिहावयाचा तर पहिलीं पन्नास वर्षें या एका माणसाभोंवतीं फिरतात. असें असतां त्याच्याच गांवाला त्याचें नांव मृत्यूनंतर चाळीस वर्षांनींहि कां नको वाटावें? डू बॉइस आयुष्याच्या अखेरीस कम्युनिस्ट झाले, असें याचें सोपें उत्तर आहे. तें खोटें नाहीं; पण अपुरें आहे. त्यांचें भांडण केवळ सरकारशीं आणि गोऱ्यांशीं नव्हतें. स्वकीयांशीं तें त्याहून जुनें होतें.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ चा. गुलामगिरी कायद्यानें नष्ट होऊन त्या वेळीं अवघीं दोन वर्षें लोटलीं होतीं. गांवांत कृष्णवर्णीयांचीं घरें थोडीं असल्यामुळें वर्णद्वेषाची पहिली झळ त्यांना उशिरा आणि सौम्य लागली. गांवांतील चर्चच्या लोकांनीं वर्गणी काढून या हुशार मुलाला दक्षिणेंत नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठांत पाठविलें. तेथें सुटीच्या दिवसांत टेनेसी संस्थानांतील खेड्यांत शिक्षकाचें काम करीत असतां, कापसाच्या शेतांत राबणारें आणि कर्जांत बुडालेलें आपल्या लोकांचें जीवन त्यांनीं जवळून पाहिलें. पुढें हार्वर्ड, मग बर्लिन, आणि १८९५ सालीं हार्वर्डची डॉक्टरेट. ती पदवी मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत.

या काळांतील डू बॉइस यांची श्रद्धा एकाच गोष्टीवर होती : ज्ञान. वर्णद्वेषाच्या मुळाशीं अज्ञान आहे; वस्तुस्थिति आंकड्यांनिशीं समोर ठेवली कीं सुबुद्ध लोक ती मान्य करतील, असें त्यांना प्रामाणिकपणें वाटे. फिलाडेल्फिया शहराच्या एका कृष्णवर्णीय वस्तींत ते १८९६ सालीं जाऊन राहिले आणि प्रश्नपत्रिका हातीं घेऊन सुमारें अडीच हजार कुटुंबांच्या दारांत स्वतः उभे राहिले. कोणाची मिळकत किती, भाडें किती, शिक्षण किती, कोणतें काम मागितलें असतां कोणत्या कारणासाठीं नाकारलें गेलें, हें सारें त्यांनीं टिपून घेतलें. सन १८९९ मध्यें निघालेला तो ग्रंथ अमेरिकन समाजशास्त्राच्या आरंभींच्या थोर ग्रंथांत गणला जातो.

पण ज्या वर्षीं हा ग्रंथ निघाला त्याच वर्षीं त्यांच्या श्रद्धेला तडा गेला. डू बॉइस तेव्हां जॉर्जिया संस्थानांत अटलांटा विद्यापीठांत प्राध्यापक होते. शहराजवळच्या भागांत सॅम होझ नांवाच्या एका कृष्णवर्णीय मजुरावर खुनाचा आरोप आला. न्यायालयाची वाट न पाहतां जमावानें माणसाला ठार मारावें हा प्रकार दक्षिणेंत त्या काळीं नित्याचा झाला होता. या प्रकरणांतील खरी हकीकत काय ती मांडणारें एक संयमी पत्र डू बॉइस यांनीं लिहिलें आणि तें घेऊन ते स्थानिक वर्तमानपत्राच्या कचेरीकडे पायीं निघाले. वाटेंत त्यांना कळलें कीं, जमावानें होझला जिवंत जाळलें असून त्याच्या बोटांचीं हाडें त्याच रस्त्यावरील एका वाण्याच्या दुकानांत मांडून ठेवलीं आहेत. डू बॉइस तेथूनच परत फिरले. तें पत्र कचेरींत पोंचलेंच नाहीं. आपल्या माणसांना जाळलें जात असतां तटस्थ शास्त्रज्ञ म्हणून बसून राहणें शक्य नाहीं, असें त्यांनीं पुढें या प्रसंगाविषयीं लिहिलें. त्यानंतर महिन्याभरांत त्यांचा दोन वर्षांचाहि न झालेला एकुलता एक मुलगा घटसर्पानें गेला.

या मनःस्थितींतून ते बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या विरोधाकडे वळले. वॉशिंग्टन हें नांव मराठी वाचकांना परकें नाहीं; गुलामाच्या झोंपडींत जन्मून टस्कीगीची मोठी शिक्षणसंस्था उभारणाऱ्या त्या कर्त्या पुरुषाचें चरित्र मराठींत फार पूर्वींच आलें आहे. सन १८९५ च्या सप्टेंबरांत अटलांटा येथील प्रदर्शनांत भाषण करतांना वॉशिंग्टन यांनीं सांगितलें कीं, कृष्णवर्णीयांनीं प्रथम हातचा उद्योग, शेती आणि काटकसर यांवर भर द्यावा. सामाजिक समतेची घाई करूं नये. त्या वेळीं खुद्द डू बॉइस यांनींच त्यांचें अभिनंदन केलें होतें, ही गोष्ट दोघांचेहि भक्त सहसा सांगत नाहींत. परंतु पुढील आठ वर्षांत दक्षिणेंत कायदेशीर युक्त्यांनीं कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ नाहींसा झाला, आणि सन १९०३ मध्यें डू बॉइस यांनीं आपल्या एका निबंधसंग्रहांत सडेतोड प्रश्न केला : ज्याला मत नाहीं तो आपली कमावलेली जमीन राखणार कशी? ज्याला स्वाभिमान सोडावयास शिकविलें त्याच्या हातीं उद्योगानें तरी काय येणार?

प्रश्न बिनतोड होता. मात्र डू बॉइस यांच्या त्या वेळच्या उत्तरांतहि एक दोष होता, आणि तो त्यांच्या शत्रूंनीं अचूक हेरला. समाजांतील गुणवान् दशांश भागाला उच्च शिक्षण द्यावें, मग तो उरलेल्यांना वर ओढील, असें त्यांचें म्हणणें. काठी, हातमोजे आणि टोंकदार दाढी यांनीं नटलेला हा प्राध्यापक सामान्य मजुराला कधीं आपला वाटला नाहीं. सन १९२० नंतर मार्कस गार्वे यांनीं हार्लेमच्या रस्त्यांतून हजारों गरिबांच्या मिरवणुका काढल्या तेव्हां डू बॉइस यांनीं त्यांच्याविषयीं जी भाषा वापरली ती विद्वानाला शोभणारी नव्हती. गार्वे यांची भाषाहि अर्थात् तशीच होती. आपल्या ‘दशांशा’च्या कल्पनेंत दुरुस्ती केली पाहिजे, हें डू बॉइस यांनीं १९४८ सालीं, वयाच्या ऐंशींत, मान्य केलें.

सन १९०५ मध्यें नायगाराजवळ कॅनडाच्या बाजूस एकोणतीस मंडळी जमलीं. तेथून सुरूं झालेल्या धडपडींतून आणि कांहीं न्यायप्रेमी गोऱ्यांच्या सहकार्यांतून १९०९ सालीं कृष्णवर्णीयांच्या उन्नतीसाठीं झटणारी ती प्रसिद्ध राष्ट्रीय संस्था जन्मास आली, जी इंग्रजी आद्याक्षरांवरून एन्. ए. ए. सी. पी. म्हणून ओळखली जाते. तिच्या ‘क्रायसिस’ या मासिकाचे डू बॉइस चोवीस वर्षें संपादक होते. नोव्हेंबर १९१० च्या पहिल्या अंकाच्या एक हजार प्रती छापल्या होत्या. १९१९ सालीं हा आंकडा लाखाच्या घरांत गेला. जमावानें मारलेल्यांची वर्षवार मोजदाद, शाळा-कॉलेजांतून पदवी घेतलेल्या तरुणतरुणींचीं छायाचित्रें, कविता, कथा आणि संपादकाचे जळजळीत अग्रलेख, असा त्याचा थाट असे. ‘नीग्रो’ या शब्दाचें पहिलें अक्षर इंग्रजींत मोठें लिहावें यासाठींहि त्यांनीं वर्षानुवर्षें भांडण केलें. आपल्या नागरी लिपींत मोठें-लहान अक्षर नाहीं, म्हणून या भांडणाचें मर्म चट्कन ध्यानांत येत नाहीं; पण इतर सर्व जातीजमातींचीं नांवें मोठ्या अक्षरानें आणि एकाचेंच लहान अक्षरानें छापलें जात असेल तर त्या एकाला रोज काय वाचावें लागतें, याची कल्पना करतां येते. आतां तो शब्दच मागें पडला आहे, तो भाग निराळा.

मासिकावर त्यांचा असा अधिकार होता कीं ते कधीं कधीं संस्थेलाच अडचणींत टाकीत. पहिल्या महायुद्धांत, जुलै १९१८ मध्यें, त्यांनीं लिहिलें कीं युद्ध चालू आहे तोंवर आपल्या विशेष तक्रारी बाजूस ठेवाव्या. ज्यांनीं त्यांच्याकडून तडजोड न करण्याचे धडे घेतले होते ते अवाक् झाले. आणि त्याच सुमारास सैन्याच्या गुप्तवार्ता खात्यांत डू बॉइस यांना कप्तानाची जागा देण्याचें घाटत होतें, हें उघड झालें तेव्हां संशयाला पायच फुटले. ती जागा त्यांना मिळाली नाहीं. डाग मात्र राहिला.

परंतु खरा निर्णायक कलह १९३४ सालचा. आर्थिक मंदीनें अमेरिका होरपळत होती. कामावरून प्रथम कमी केला जाई तो कृष्णवर्णीय, आणि शेवटीं घेतला जाई तोहि तोच. जानेवारीच्या अंकांत डू बॉइस यांनीं लिहिलें कीं, विभक्तता आणि अन्याय या दोन गोष्टी एकच नव्हेत. गोरे लोक आपल्याला शेजारीं बसूं देतील या आशेवर आणखी एक पिढी उपाशी ठेवण्यापेक्षां आपण आपल्या शाळा, आपलीं दुकानें, आपल्या सहकारी संस्था सबळ कराव्या. सक्तीची विभक्तता आणि स्वेच्छेनें केलेली एकजूट यांत फरक आहे. पंचवीस वर्षें जी संस्था विभक्ततेविरुद्ध न्यायालयांत झगडत होती तिच्याच मुखपत्रांत हें छापून आलें! चिटणीस वॉल्टर व्हाइट यांनीं कडाडून विरोध केला. संस्थेच्या पगारी अधिकाऱ्यानें मासिकांतून संस्थेच्या धोरणावर परवानगीवांचून टीका करूं नये असा ठराव झाला, आणि जून महिन्यांत डू बॉइस यांनीं राजीनामा दिला. वॉशिंग्टनशीं झगडलेला माणूस शेवटीं वॉशिंग्टनच्याच दारांत जाऊन उभा राहिला, असें पुष्कळांनीं म्हटलें. तें तितकें खरें नाहीं. वॉशिंग्टन यांनीं मतासाठीं भांडणें पुढें ढकललें होतें. डू बॉइस यांनीं तें क्षणभरहि सोडलें नव्हतें. त्यांचा प्रश्न असा कीं, सामायिक घरांत जागा मिळेपर्यंत माणसानें राहावयाचें कोठें?

महाराष्ट्रांतील वाचकाला या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. त्यापूर्वीं दोनच वर्षें, २४ सप्टेंबर १९३२ रोजीं, पुण्यास झालेला करार याच खडकावर घडला होता : पृथक् मतदारसंघांनीं दलितांचें बळ वाढेल कीं त्यांचें वेगळेपण कायम होईल? दोन्ही देशांतील परिस्थिति एक नव्हती आणि उत्तरेंहि एक नव्हतीं. पण ज्या दोन माणसांनीं हा प्रश्न सर्वांत खोल विचारला त्यांनीं एकमेकांना ओळखलें होतें. सन १९१३ ते १९१६ या काळांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत शिकत होते. ‘क्रायसिस’ची कचेरी त्या वेळीं त्याच शहरांत होती. सन १९४६ मध्यें त्यांनीं डू बॉइस यांना पत्र लिहून कळविलें कीं, आपण नीग्रो प्रश्नाचे अभ्यासक आहों आणि भारतांतील अस्पृश्यांची व अमेरिकेंतील नीग्रोंची स्थिति इतकी सारखी आहे कीं, दुसरीचा अभ्यास आपणांस अगत्याचा वाटतो. अमेरिकन नीग्रोंच्या एका संघटनेनें संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला होता. त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ३१ जुलै १९४६ रोजीं डू बॉइस यांनीं उत्तर धाडलें. आंबेडकरांचें नांव आपणांस परिचित असून अस्पृश्यांविषयीं आपणांस पूर्ण सहानुभूति आहे, असें त्यांत होतें. पत्रव्यवहार एवढाच, एका पानाचा. पुढल्याच वर्षीं डू बॉइस यांनीं संपादित केलेलें, एन्. ए. ए. सी. पी.चें स्वतःचें निवेदन संयुक्त राष्ट्रांपुढें गेलें. (ते १९४४ सालीं संस्थेंत परतले होते, १९४८ सालीं संस्थेनें त्यांना दुसऱ्यांदा निरोप दिला.)

यापुढील डू बॉइस यांची हकीकत सांगतांना त्यांचे चाहते आवाज खालीं आणतात आणि टीकाकार चढवितात. अणुबाँबवर बंदी घालावी या मागणीसाठीं सह्या गोळा करणाऱ्या एका शांतता-मंडळाचे ते अध्यक्ष होते. फेब्रुवारी १९५१ मध्यें सरकारनें त्यांच्यावर परकीय सत्तेचा नोंदणी न केलेला हस्तक म्हणून खटला भरला. ब्याऐंशीं वर्षांच्या या वृद्धाच्या हातांत बेड्या पडल्या. त्यांच्या चारित्र्याविषयीं साक्ष देण्यास आल्बर्ट आइनस्टाइन तयार होते. पण ती वेळ आली नाहीं, नोव्हेंबरमध्यें सरकार पक्षाचा पुरावाच अपुरा ठरवून न्यायाधीशांनीं खटला काढून टाकला. निर्दोष सुटका झाली, तरी पुढच्याच वर्षापासून त्यांना पासपोर्ट नाकारण्यांत आला. सन १९५७ च्या मार्चमध्यें घाना स्वतंत्र झाला तेव्हां समारंभाचें निमंत्रण हातीं असून त्यांना जातां आलें नाहीं. जुन्या मित्रांनीं भेटणें सोडलें. ज्या गुणवान् दशांशावर त्यांनीं आयुष्य उधळलें त्यांतील बहुतेक जण खटल्याच्या वेळीं गप्प बसले, आणि कारखान्यांतील मजूर वर्गणी घेऊन पुढें आले, हें त्यांच्या जिव्हारीं लागलें.

येथवर सहानुभूति त्यांच्या बाजूस राहते. पण मार्च १९५३ मध्यें स्टॅलिन वारले तेव्हां डू बॉइस यांनीं त्यांच्यावर जो मृत्युलेख लिहिला तो आज वाचवत नाहीं. जॉर्जियांतील एका जळालेल्या मजुराच्या हाडांमुळें ज्यानें आयुष्याची वाट बदलली, त्यालाच रशियांतील छावण्यांत मेलेले लाखों लोक दिसले नाहींत. सन १९५९ मध्यें चीनमध्यें त्यांचा एक्याण्णवावा वाढदिवस थाटानें साजरा झाला. त्या देशांत त्या वेळीं भयंकर दुष्काळ सुरूं झाला होता, आणि पाहुण्यांच्या लिखाणांत केवळ स्तुति आहे. हें वार्धक्याचें मतिमांद्य म्हणून झटकून टाकतां येणार नाहीं. त्यांची बुद्धि शेवटपर्यंत तल्लख होती. कोणत्याहि राज्याची परीक्षा तें गौरेतर जगाशीं कसें वागतें एवढ्याच कसोटीवर करण्याची संवय त्यांना लागली होती, आणि त्या कसोटीनें जें दिसत नसे तें त्यांच्या लेखीं नव्हतेंच.

ऑक्टोबर १९६१ मध्यें, त्र्याण्णवाव्या वर्षीं, त्यांनीं कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदत्वासाठीं उघड अर्ज केला. त्या काळीं लोक तो पक्ष सोडीत होते! त्यानंतर अध्यक्ष एन्क्रुमा यांच्या आमंत्रणावरून आफ्रिकेचा ज्ञानकोश संपादण्यासाठीं ते घानास गेले आणि तेथेंच १९६३ सालीं घानाचे नागरिक झाले. २७ ऑगस्ट १९६३ रोजीं, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षीं, अक्रा येथें त्यांचा अंत झाला.

दुसऱ्या दिवशीं वॉशिंग्टन शहरांत नागरिक हक्कांसाठीं सुमारें अडीच लक्ष लोकांचा तो ऐतिहासिक मोर्चा जमला होता. ही वार्ता व्यासपीठावरून सांगण्याचें काम एन्. ए. ए. सी. पी.चे प्रमुख रॉय विल्किन्स यांच्याकडे आलें. १९३४ सालीं ‘क्रायसिस’च्या संपादकाच्या खुर्चीवर डू बॉइस यांच्यामागून तेच बसले होते. उत्तर आयुष्यांत त्यांनीं निराळी वाट धरली हें खरें, तरी शतकाच्या पहाटे ज्या आवाजानें येथें जमण्यास हांक घातली तो त्यांचाच, अशा आशयाचे शब्द विल्किन्स बोलले. डू बॉइस यांच्या वांटणीची ही सुरुवात होती. पहिला अर्धा भाग चळवळीनें ठेवून घेतला, दुसरा दूर सारला.

ही वांटणी नाकारणारा पहिला मोठा माणूस मार्टिन ल्यूथर किंग. २३ फेब्रुवारी १९६८ रोजीं डू बॉइस यांच्या जन्मशताब्दीच्या सभेंत न्यूयॉर्क येथें किंग यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, डू बॉइस हे असामान्य प्रतिभेचे पुरुष होते आणि त्यांनीं कम्युनिस्ट होणें पत्करलें, हें सत्य दडपणें आतां पुरे झालें. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आंत किंग यांचा खून झाला. ऑक्टोबर १९६९ मध्यें ग्रेट बॅरिंग्टनबाहेरील डू बॉइस यांच्या आजोळच्या घराची जागा स्मारक म्हणून अर्पण झाली तेव्हां गांवांत, विशेषतः माजी सैनिकांच्या संघटनांत, मोठा क्षोभ उसळला होता. केंद्र सरकारनें १९७६ सालीं त्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरविलें आणि १९९२ सालीं टपालाचें तिकीटहि काढलें. ज्या सरकारनें बेड्या घातल्या त्याचेंच हें तिकीट. गांव मात्र आपल्या शब्दावर त्याहून अधिक काळ टिकलें. सन २०२० मध्यें तेथील माध्यमिक शाळेला अखेर डू बॉइस यांचें नांव देण्याचें ठरलें.

स्मारकाच्या जागीं पाहण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. मित्रांनीं साठाव्या वाढदिवशीं तें घर विकत घेऊन त्यांना भेट दिलें होतें. दुरुस्तीला पैसा पुरेना, म्हणून १९५४ सालीं त्यांनीं तें विकलें आणि पुढें तें पाडण्यांत आलें. झाडींत तळघराचा खड्डा आणि विखुरलेले दगड दिसतात, बाजूनें एक पायवाट जाते. डॉक्टरांच्या अस्थि अटलांटिक महासागरापलीकडे, अक्रा येथील त्यांच्या राहत्या घराच्या आवारांत आहेत.